आण्विक दहशतवाद

एखाद्या बिगरसरकारी गटाने किंवा व्यक्तीने अण्वस्त्र वा किरणोत्सारी पदार्थ वापरून, किंवा अणुकेंद्रावर हल्ला करून माणसे मारणे, घबराट पसरवणे वा सरकारला वेठीस धरणे. नुसती धमकीही या व्याख्येत येते. अशा गटाने अणुबॉम्ब फोडल्याचे एकही उदाहरण आजवर नाही. तरीही शस्त्रनियंत्रणाच्या चर्चेत हा विषय सतत येतो, कारण अण्वस्त्रांना आवर घालणारी मूळ व्यवस्था देशांचाच विचार करून उभारलेली आहे. प्रतिहल्ल्याच्या भीतीने सरकार आवरते. ज्या टोळीचा पत्ताच ठाऊक नाही तिला ही भीती घालायची कशी?

अण्वस्त्रप्रसारबंदी करार १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० रोजी अमलात आला. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच देशांना त्याने अण्वस्त्रधारी मानले. बाकीच्यांनी बॉम्ब न बनवण्याचे आणि आपले अणुप्रकल्प व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना तपासू देण्याचे कबूल केले. भारत, पाकिस्तान व इस्रायल या करारात कधी आलेच नाहीत. उत्तर कोरियाने २००३ मध्ये आपण बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. करार पक्षपाती असल्याचा आरोप पहिल्यापासून होतो आणि तो निराधार नाही. या नोंदीपुरती त्याची उणीव मात्र वेगळी आहे. निरीक्षक बघतात ते एवढेच, की सरकार स्वतःच विजेसाठीचा माल, म्हणजे युरेनियम वा प्लुटोनियम, बॉम्बकडे वळवते आहे का. चोरांपासून तो माल राखण्याची जबाबदारी ज्या त्या देशाची.

बॉम्बच्या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा म्हणजे हा माल मिळवणे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये बॉम्बला लागणारा प्रकार, युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असते. वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागते. २० टक्के वा त्याहून जास्त असल्यास युरेनियम ‘अतिसमृद्ध’ समजले जाते आणि अस्त्रांसाठी सहसा ९० टक्क्यांच्या आसपासचे वापरतात. एवढी मजल मारायला हे प्रमाण वाढवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांच्या रांगा, कुशल तंत्रज्ञ आणि अनेक वर्षे लागतात. टोळीच्या आवाक्यातले हे काम नाही. तिला तयार माल चोरावा किंवा विकत घ्यावा लागतो. एका बॉम्बच्या अंदाजासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अतिसमृद्ध युरेनियममधील २५ किलो युरेनियम-२३५ किंवा ८ किलो प्लुटोनियम (अणुभट्टीत तयार होणारा, बॉम्बला चालणारा दुसरा धातू) हे माप धरते. त्यामुळे या धोक्याचा बंदोबस्त म्हणजे मुख्यतः कोठारांची राखण आणि वजनांचा चोख हिशोब. हेरकथांना यात फारसा वाव नाही.

हा हिशोब किती कच्चा असू शकतो ते रशियातील पोडोल्स्कच्या अणुसंस्थेतल्या १९९२ मधील चोरीत दिसले. युरेनियम हाताळताना थोडी घट येणारच, म्हणून तिथल्या नोंदींमध्ये काही टक्के तूट चालवून घेतली जाई. एका कर्मचाऱ्याने नेमके हेच हेरले. घटीत खपून जाईल एवढाच माल तो दर खेपेला उचलत राहिला आणि काही महिन्यांत सुमारे दीड किलो अतिसमृद्ध युरेनियम त्याच्या घरी पोचले. कागदोपत्री सगळे जागच्या जागी होते. तो सापडला तो योगायोगाने: पोलिसांना हवे होते त्याच्या ओळखीतले बॅटरीचोर, आणि रेल्वे स्थानकावर तो त्यांच्यासोबत होता.

सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास अशी कोठारे सुरक्षित करण्यासाठी अमेरिकेने १९९१ मध्ये नन व लुगर या दोन सिनेटरांच्या नावाचा नन-लुगर कार्यक्रम हाती घेतला. १९९४ मध्ये कझाकस्तानातील उल्बा कारखान्यातून सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम गुपचूप विमानांनी अमेरिकेला हलवले गेले. १९९३ ते २०१३ या काळात रशियन अस्त्रांतले ५०० टन अतिसमृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकी वीजभट्ट्यांत जाळण्यात आले. या कामाचा गाजावाजा फारसा झाला नाही, पण गाजलेल्या कित्येक शिखर परिषदांपेक्षा त्याने जास्त साधले.

पहारा मात्र आजही सगळीकडे सारखा नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पेलिंडाबा अणुकेंद्रात सशस्त्र हल्लेखोर विद्युतभारित कुंपण निकामी करून शिरले, नियंत्रण कक्षात त्यांनी एकाला गोळी घातली आणि ते निसटले. जुलै २०१२ मध्ये तर अमेरिकेतील वाय-१२ या केंद्रात ८२ वर्षांची एक जोगीण व तिचे दोन साथीदार कुंपणे कापून थेट युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले. ते शांततावादी आंदोलक होते, हे नशीब.

‘डर्टी बॉम्ब’ हा त्या मानाने सोपा, म्हणून अधिक संभाव्य प्रकार. यात अणुस्फोट होत नाही. साध्या स्फोटकाने किरणोत्सारी पदार्थ विखुरला जातो. जीवितहानी मर्यादित राहते, पण परिसर दूषित होतो आणि भीती अफाट पसरते. त्याची कल्पना ब्राझीलमधील गोयानिया येथील १९८७ च्या दुर्घटनेवरून येते. तिथे दहशतवादी कोणीच नव्हते. बंद पडलेल्या दवाखान्यातले कर्करोगोपचाराचे यंत्र भंगारात गेले, फोडलेल्या कुपीतली सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची निळसर चमकणारी पूड नात्यागोत्यात वाटली गेली. चौघे दगावले आणि १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांना तपासावे लागले. मॉस्कोच्या इझ्मायलोव्स्की उद्यानात १९९५ मध्ये चेचेन बंडखोरांनी सीझियम पुरून ठेवले आणि त्याची खबर स्वतःच वृत्तवाहिनीला दिली. स्फोट झाला नाही, बातमी झाली.

अण्वस्त्रप्रसार सरकारांच्या परवानगीनेच होतो हा समज २००३ मध्ये मोडला. लिबियाकडे सेंट्रिफ्यूजचे भाग नेणारे ‘बीबीसी चायना’ हे जहाज अडवले गेले आणि पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे अनेक देशांत पसरलेले व्यापारी जाळे उघडे पडले. खान यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये दूरचित्रवाणीवर कबुली दिली. पाकिस्तान सरकारला यातले किती माहीत होते, हा वाद मिटलेला नाही. त्याच एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १५४० संमत करून, बिगरसरकारी गटांना महासंहारक शस्त्रे मिळू नयेत यासाठी कायदे करणे सर्व देशांवर बंधनकारक केले. आण्विक दहशतवादाच्या कृत्यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २००५ चा. तो २००७ मध्ये लागू झाला.

आण्विक पदार्थांच्या संरक्षणाचा करार त्याहून जुना, १९८० चा. त्यातली २००५ ची दुरुस्ती अमलात यायला मे २०१६ उजाडले. हा करार शांततामय वापरातल्या मालापुरता आहे. लष्करांकडचे साठे, म्हणजे जगातला बराच मोठा वाटा, त्याच्या कक्षेबाहेर राहतात. अस्त्रांसाठी नवा माल तयार करण्यावर बंदी घालणाऱ्या करारासाठी जिनिव्हातील निःशस्त्रीकरण परिषदेने १९९५ मध्ये अधिकारपत्र ठरवले, पण वाटाघाटींचे घोडे अजून तिथेच अडले आहे. अमेरिका व रशिया यांची तैनात दीर्घ पल्ल्याची (सामरिक) अण्वस्त्रे प्रत्येकी १,५५० वर रोखणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.