शिकलेला माणूस परदेशी गेला की देश बुडाला?

‘डॉक्टर, नर्स, इंजिनिअर बाहेर गेले म्हणजे देशाचं निव्वळ नुकसान’ हे वाक्य निदान साठ वर्षं फिरतंय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

हिशेबात पहिली चूक म्हणजे शिकणाऱ्यांची संख्या ठरलेली आहे असं धरणं. फिलिपिन्सचं उदाहरण बघा. २००० नंतर अमेरिकेने परदेशी नर्सेसना मोठ्या प्रमाणावर व्हिसा दिले, तेव्हा तिथे नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्यांची झुंबड उडाली, नवी कॉलेजं निघाली. जितक्या नर्स गेल्या त्याहून कितीतरी जास्त तयार झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच मायदेशीच राहिल्या. बाहेर जायची नुसती शक्यतासुद्धा लोकांना शिकायला लावते.

दुसरं, पैसा. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थलांतरितांनी २०२३ मध्ये सुमारे ६५० अब्ज डॉलर पाठवले. परकीय मदतीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा, शिवाय पैसा थेट घरात पोहोचतो. मधे मंत्रालय नाही. (मधे पैसे पाठवणाऱ्या कंपन्या मात्र असतात, आणि त्या सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास कापून घेतात!)

पण म्हणून ‘बाहेर गेले की फायदाच’ असं उलट टोकही गाठू नये. गयाना, जमैका, हैतीसारख्या छोट्या देशांतले बहुसंख्य उच्चशिक्षित परदेशात आहेत; तिथे गेलेल्यांची जागा भरून निघत नाही. आणि आलेल्या पैशाने घर, शाळा, औषधपाणी होतं. रस्ते, न्यायालयं किंवा चांगला कारभार होत नाही. ते काम सरकारचंच.