‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की…’ हे वाक्य आले कुठून?

मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या चर्चासत्राचा अंक उघडा. विषय बचत गटांचा असो, सोयाबीनच्या भावाचा असो की सातवीच्या मुलांच्या वाचनाचा, शोधनिबंधाचा उत्तरार्ध बहुधा ठरलेला असतो. आधी तक्ता. त्याखाली त्याच आकड्यांचा स्तंभालेख. मग ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’ अशी सुरुवात करून तेच आकडे वाक्यात. आणि शेवटी ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली तीच वाक्ये अनुक्रमांक घालून. एक आकडा चार वेळा वाचावा लागतो आणि त्याचा अर्थ एकदाही कळत नाही. मार्गदर्शक याचा दोष विद्यार्थ्याच्या आळसाला देतात. वास्तविक विद्यार्थी दोन वेगवेगळ्या घराण्यांचे नियम एकाच निबंधात पाळत असतो, आणि ते एकत्र कसे आले हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पहिले घराणे विज्ञान-नियतकालिकांचे. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये १६६५ साली रॉयल सोसायटीचे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्यात येणारा मजकूर पुष्कळसा पत्रांच्या रूपात असे. काय केले, काय दिसले, काय वाटले, सगळे घडले त्या क्रमाने एकत्रच. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष (म्हणजे मिळालेले आकडे) आणि चर्चा (म्हणजे त्यांचा अर्थ) हा चार भागांचा साचा त्या मानाने अगदी अलीकडचा. आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांत तो १९४० च्या दशकात दिसू लागला आणि १९८० च्या सुमारास जवळपास सार्वत्रिक झाला. १९७२ मध्ये अमेरिकी मानक संस्थेने त्याला प्रमाण स्वरूप दिले. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याच चार भागांचे चार साधे प्रश्न केले: सुरुवात का केली, काय केले, उत्तर काय मिळाले, आणि त्याचा अर्थ काय. यातला तिसरा आणि चौथा प्रश्न वेगळा ठेवण्यात सगळी मेख आहे. लेखकाने लावलेला अर्थ पटला नाही तरी त्याचे आकडे वाचकाला वापरता यावेत, एवढ्यासाठी निष्कर्षांचा भाग चर्चेपासून तोडलेला आहे.

दुसरे घराणे प्रबंधाचे आणि पाहणी अहवालाचे. हैदराबाद संस्थानात मराठवाड्याची महाविद्यालये १९१८ साली स्थापन झालेल्या उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. संस्थानात १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार यांच्या देखरेखीखाली खेड्यांची आर्थिक पाहणी झाली. अशा अहवालांचा कणा म्हणजे तक्ता: जमीनधारणा, कर्ज, पीक यांचे आकडे आणि त्यावर परिच्छेदभर भाष्य. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि पदव्युत्तर संशोधन इथेच होऊ लागले. शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्रांत पाच प्रकरणांचा प्रबंध रुळला: प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन, आणि सारांश, निष्कर्ष व शिफारशी. इथे आकडे आणि अर्थ चौथ्या प्रकरणात एकत्र नांदतात. पाचव्यात फक्त गोळाबेरीज होते.

दीडशे-दोनशे पानांच्या बांधीव प्रबंधात ही पुनरुक्ती खपून जायची, किंबहुना उपयोगी पडायची. चौथ्या प्रकरणातला तक्ता पाचव्या प्रकरणापासून साठ पाने मागे असे. घाईतला परीक्षक थेट शेवटचे प्रकरण उघडत असे. सहा पानांच्या निबंधात यातले एकही कारण उरत नाही, पण सवय उरली. तिला बळ मिळाले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी: पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा. मग चौथे प्रकरण कापून निबंधाच्या मापात बसवण्याचा सपाटा सुरू झाला. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, एम.फिल.ही बंद झाले. मात्र नव्या शैक्षणिक धोरणाने संशोधन प्रकल्प पदवीच्या चौथ्या वर्षापर्यंत खाली आणला, आणि तिथल्या मुलांच्या हातात नमुना म्हणून पडतात ते हेच निबंध.

तक्त्याखाली मग लिहायचे काय? समजा, लातूरजवळच्या एका गावात ६० शेतकऱ्यांची पाहणी केली. ३६ बागायतदार, २४ कोरडवाहू. पीक विमा बागायतदारांपैकी १८ जणांनी उतरवला, कोरडवाहूंपैकीही १८ जणांनीच. ‘५० टक्के बागायतदारांनी आणि ७५ टक्के कोरडवाहू शेतकऱ्यांनी विमा उतरवला’ हे तक्त्यात दिसतेच. मजकुराने पुढचे पाऊल टाकायचे असते. गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे काय-वर्ग चाचणी तपासते. तिच्यासाठी आधी अपेक्षित संख्या, म्हणजे गटांत फरक नसता तर दिसली असती ती, काढा: दोन्ही गट मिळून ६० पैकी ३६ जणांनी, म्हणजे ६० टक्क्यांनी विमा उतरवला आहे, तेव्हा बागायतदारांत २१.६ आणि कोरडवाहूंत १४.४ अपेक्षित. विमा न उतरवणारे अनुक्रमे १४.४ आणि ९.६. प्रत्येक चौकटीत फरक ३.६. त्याचा वर्ग १२.९६, आणि तो त्या त्या अपेक्षित संख्येने भागून केलेली बेरीज ३.७५. स्वातंत्र्यमात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या संख्या) १ असताना ५ टक्के पातळीचे सारणी मूल्य ३.८४ आहे; बेरीज त्याच्या वर गेली तरच फरक सार्थ, म्हणजे केवळ योगायोगाचा नाही, असे मानतात. म्हणजे पंचवीस टक्क्यांची तफावत डोळ्यांत भरते, तरी चाचणी किंचित खाली राहते.

इथे हमखास गफलत होते. एक जण लिहितो ‘दोन गटांत फरक नाही’, दुसरा चाचणी गाळून ‘कोरडवाहू शेतकरी विम्याबाबत अधिक जागरूक आहेत’ असे ठोकून देतो. पहिल्याने पुरावा अपुरा असणे म्हणजे फरक नसणे असे मानले, दुसऱ्याने निष्कर्षात चर्चा घुसवली. विमा उतरवणे ही नोंद आहे, जागरूकता हा लेखकाचा तर्क. सरळ वाक्य असे होईल: ‘विमा उतरवणाऱ्यांचे प्रमाण कोरडवाहू गटात जास्त आढळले (२४ पैकी १८, बागायती ३६ पैकी १८), मात्र हा फरक ५ टक्के पातळीवर सार्थ ठरला नाही (काय-वर्ग ३.७५, स्वातंत्र्यमात्रा १).’ टक्क्यांसोबत मूळ संख्या द्यायचीच, कारण २४ च्या गटात एक माणूस इकडचा तिकडे झाला की ४ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. याच ६० जणांची जात, वय, शिक्षण अशी आणखी फोड केली की अपेक्षित संख्या ५ च्या खाली घसरते आणि चाचणीचा भरवसा जातो. प्रश्नावलीत रकाने होते म्हणून प्रत्येकाचा तक्ता झालाच पाहिजे असे नाही.

हे ५ टक्के तरी कुठून आले? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ ते १९३३ इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होते. त्यांच्या १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून आली, आणि सोबतच्या सारण्या ठरावीक रकान्यांत छापल्या असल्याने तीच जगभर पसरली. भारतात पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने ती शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली. परभणीच्या कृषी विद्यापीठातला (स्थापना १९७२) प्रबंध चाळला तर तक्त्याच्या तळाशी ‘एस.ई.’ (प्रमाण त्रुटी) आणि ‘सी.डी. ५ टक्के’ (फरक सार्थ ठरायला लागणारे किमान अंतर) अशा दोन ओळी असतात, त्या याच परंपरेतल्या. त्यांचा उपयोग साधा आहे. समजा तीन प्रक्रियांचे (शेतात करून पाहिलेल्या तीन पद्धतींचे) सोयाबीन उत्पादन हेक्टरी १८.४, २०.१ आणि २०.९ क्विंटल आले आणि सी.डी. १.२ आहे. पहिल्या-दुसऱ्यातला १.७ चा फरक सार्थ, दुसऱ्या-तिसऱ्यातला ०.८ चा नाही. त्या दोन प्रक्रिया तुल्यबल लिहायच्या. ‘तिसरी प्रक्रिया सर्वोत्कृष्ट ठरली’ हे वाक्य तिथे चुकीचे, मग आलेखातला तिसरा स्तंभ कितीही उंच दिसो.

शिक्षणशास्त्रात या वारशाचा वेगळाच विपर्यास झाला. दोन सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी १९०८ मध्ये गिनेस मद्यनिर्मितीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली, ती मुळात लहान नमुन्यांसाठी. आपल्या बी.एड.च्या कृती संशोधनात ३० मुलांची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी होते, आणि ‘प्राप्त मूल्य सारणी मूल्य १.९६ पेक्षा जास्त असल्याने शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो’, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक सोडले, असे लिहिले जाते. १.९६ हे मोठ्या नमुन्याचे मूल्य. त्याच ३० मुलांची दोनदा चाचणी घेतली तर स्वातंत्र्यमात्रा २९, सारणी मूल्य २.०४५. दोन वेगळे वर्ग समजून ५८ धरणे ही त्याच्या जोडीची चूक. संगणकावर गणित करत असाल तर सारणी मूल्याची गरजच नाही, संभाव्यतेचे नेमके मूल्य द्या. पडद्यावर ०.००० दिसले तर ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा. शून्य संभाव्यता कोणत्याही चाचणीतून निघत नाही.

पाहणी अहवालांकडून घ्यायला हवी होती ती एक सवय मात्र मधल्या वाटेत गळाली: माहिती कधी आणि कोणाकडून मिळाली, हे आकड्यांच्या आधी सांगणे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांवर काम करणाऱ्याने पाहणी डिसेंबरात केली असेल, तर कारखान्यावर गेलेली कुटुंबे नमुन्यात नाहीत. घरी सापडतात ती म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले. मग ‘गावातील ८० टक्के उत्तरदाते ५५ वर्षांवरील’ हा गावाविषयीचा निष्कर्ष राहत नाही, तो पाहणीच्या महिन्याचा निष्कर्ष होतो. किती घरे निवडली, किती बंद होती, किती जणांनी नकार दिला, एवढ्या तीन संख्या पहिल्याच परिच्छेदात दिल्या की पुढचे सगळे तक्ते नीट वाचता येतात.

मुलाखतींवर आधारलेल्या निबंधात तक्ता नसतो, पण आजार तोच. पाठोपाठ चार अवतरणे आणि त्याखाली ‘यावरून स्पष्ट होते की’. आधी मुद्दा एका वाक्यात, मग तो दाखवणारे एखादे अवतरण, मग त्याच्या उलट बोललेली व्यक्ती असेल तर तिचेही, असा क्रम ठेवावा. अवतरण बोलीतच राहू द्यावे, प्रमाण भाषेत धुऊन काढू नये. ओळख देताना ‘महिला, ३५, बचत गट सदस्य’ पुरे. गावाचे नाव आणि ‘सरपंच’ एकत्र लिहिले की नाव न छापताही माणूस उघडा पडतो.

आता या भागावर नियमांचीही नजर आहे. वाङ्मयचौर्याविषयीच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे बहुतेकांना पाठ असते. त्याच नियमांत निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी मूळच्या असाव्यात, त्यांत साम्य नसावे, असेही म्हटले आहे. सूट आहे ती सामान्य ज्ञानाला आणि योगायोगाने जुळणाऱ्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला. ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’ हे सहा शब्द त्यात बसतात. मित्राच्या प्रबंधातला परिच्छेद उचलून त्यात फक्त आकडे बदलले, तर तो बसत नाही.