परत बोलावलंय, पण कशावर? पुनर्नियुक्ती आणि करार

शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या माणसाला सहा-आठ महिन्यांत जुन्या कार्यालयातून फोन येतो. फाइली तुंबल्यात, जाणता माणूस उरलेला नाही, तुम्ही या. जाणारा जातो आणि चारचौघांत सांगतो, ‘मला पुन्हा घेतलं.’ पुनर्नियुक्तीवर घेतलं की करारावर, हे मात्र त्याने आदेशात नीट वाचलेलं नसतं. ‘शेवटी सरकारी कामच ना’ म्हणून तो सोडून देतो. घरातल्यांचा प्रश्न एकच असतो, पेन्शन बंद होणार का?

पुनर्नियुक्ती म्हणजे निवृत्तीनंतर पुन्हा पदावर नेमणूक, करार म्हणजे ठोक रकमेवर ठरावीक मुदतीचं काम. मूळ पेन्शन दोन्हीकडे चालूच राहते. फरक पडतो तो महागाईच्या रकमेत, पगाराच्या हिशोबात आणि जबाबदारीत.

त्याआधी मुदतवाढ बाजूला काढू, कारण तीही यात मिसळली जाते. मुदतवाढ मिळालेला माणूस निवृत्त झालेलाच नसतो. अजोय मेहता राज्याचे मुख्य सचिव म्हणून ३० सप्टेंबर २०१९ला निवृत्त व्हायचे होते. आधी सहा महिने आणि मग आणखी तीन महिने मुदतवाढ मिळून ते ३० जून २०२०पर्यंत पदावर राहिले आणि त्यानंतर लगेच मुख्यमंत्र्यांचे प्रधान सल्लागार झाले. ते नऊ महिने चालू नोकरीचे, तेव्हा पेन्शन सुरूच झालेली नव्हती. सल्लागारपद मात्र निवृत्तीनंतरचं. तुमच्या-आमच्यासारख्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला मुदतवाढ सहसा येत नाही. येतात त्या उरलेल्या दोन गोष्टी.

हिशोब केंद्राच्या नियमांनी करू, कारण तिथे तो सर्वांत स्पष्ट लिहिलेला आहे. समजा, निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ८०,००० रुपये होतं. पेन्शन त्याच्या निम्मी, ४०,०००. त्यातली ४० टक्के विकली, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे आधीच एकरकमी घेतले, तर १६,००० गेले आणि हातात २४,००० राहिले. महागाई वाढ, म्हणजे महागाईपोटी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, मात्र विक्रीपूर्वीच्या पूर्ण ४०,०००वर मिळते. दर सोयीसाठी ५० टक्के धरू, म्हणजे घरी बसून महिन्याला २४,००० अधिक २०,०००.

आता या माणसाला पुनर्नियुक्ती मिळाली. ३१ जुलै १९८६च्या केंद्रीय आदेशांनुसार वयाच्या ५५ किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्याचं वेतन शेवटच्या वेतनाच्या टप्प्यावर ठरवतात आणि त्यातून पेन्शन वजा करतात. वजा होते ती पूर्ण पेन्शन, विकलेला भाग धरून. इथे पुष्कळजण अडखळतात. हातात २४,०००च येतात, मग ४०,००० का कापले? कारण विकलेल्या भागाचे पैसे तुम्ही एकरकमी आधीच उचललेले असतात. म्हणून ८०,००० वजा ४०,०००, पगार ४०,०००. (इतर निवृत्तिलाभांच्या समतुल्य रकमेची एक बारीक वजावट असते, ती इथे सोडून दिली आहे.)

पुनर्नियुक्तीच्या काळात पेन्शनवरची महागाई वाढ थांबते. एवढं ऐकलं की लोक हात झटकतात, ‘मग कशाला जायचं, नुकसानच!’ पण आदेशाचं पुढचं कलम कुणी वाचत नाही. पगारावरचे भत्ते वजावटीनंतरच्या वेतनावर नाही, वजावटीपूर्वीच्या वेतनावर मोजले जातात. म्हणजे महागाई भत्ता ४०,०००वर नाही, पूर्ण ८०,०००वर मिळतो. ५० टक्क्यांनी ४०,००० रुपये. आधीच पूर्ण वेतनावर महागाई मिळत असताना पेन्शनवर पुन्हा ती देऊ नये, एवढाच त्या थांबवण्यामागचा हेतू. बेरीज करा: पगार ४०,०००, महागाई भत्ता ४०,०००, हातातली पेन्शन २४,०००, मिळून १,०४,०००. घरभाडेभत्ता त्यावर वेगळा आणि नियमाप्रमाणे वार्षिक वेतनवाढही.

त्याच माणसाला करारावर घेतलं तर? केंद्राच्या व्यय विभागाने ९ डिसेंबर २०२०ला यासाठी एकसारखी पद्धत ठरवून दिली. शेवटच्या वेतनातून पेन्शन वजा करायची, उरेल ती ठोक रक्कम महिन्याला द्यायची. इथेही ८०,००० वजा ४०,०००, म्हणजे ४०,०००. आकडा तोच दिसतो आणि त्यानेच फसायला होतं. कारण त्या ४०,०००वर महागाई भत्ता नाही, वेतनवाढ नाही, घरभाडेभत्ताही सहसा नाही. ये-जा करण्यासाठी ठरावीक रक्कम आणि काम केलेल्या दर महिन्याला दीड दिवस रजा, एवढंच. उलट पेन्शनवरची महागाई वाढ चालू राहते. ४०,००० अधिक २४,००० अधिक २०,०००, मिळून ८४,०००. ‘माझी महागाई वाढ चालू आहे’ म्हणून खूश असलेला करारावरचा माणूस पुनर्नियुक्तीवरच्यापेक्षा महिन्याला २०,००० रुपये कमी नेतो. त्याच्या हातात काही असतं असंही नाही म्हणा. कार्यालयाला करारच सोपा पडतो, म्हणून करारच पुढे केला जातो. केंद्रात असा करार आधी एका वर्षापुरता असतो, पुढे वाढवता येतो, पण निवृत्तीच्या वयानंतर ५ वर्षांपलीकडे नाही.

महाराष्ट्रात निवृत्तीचं वय बहुतेकांना ५८ आणि गट ‘ड’ला ६०. निवृत्तांना विवक्षित कामासाठी करार पद्धतीने घेण्याचं धोरण सामान्य प्रशासन विभागाच्या १७ डिसेंबर २०१६च्या शासन निर्णयात आहे. वयाची मर्यादा ६५. जिल्हा परिषदांच्या आणि महसूल कार्यालयांच्या सूचना फलकांवर ज्या जाहिराती लागतात, त्या बहुतेक याच वाटेच्या. म्हणून राज्यातल्या कुणी ‘मला पुनर्नियुक्ती मिळाली’ असं सांगितलं, तर दहातले नऊ वेळा ते करारावर असतात, असा माझा अंदाज.

या नव्या नोकरीची दुसरी पेन्शन मिळेल का? निवृत्त होऊन पेन्शन घेत असलेल्याला पुनर्नियुक्तीच्या काळासाठी वेगळी पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी नाही. कराराच्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही.

सैनिकांचं मात्र निराळं. साताऱ्याच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पस्तिशी-चाळिशीत फौजेतून परतलेला हवालदार पोस्टात किंवा रेल्वेत लागतो, तीही कागदोपत्री पुनर्नियुक्तीच. पण ५५च्या आत निवृत्त झालेल्या आणि अधिकारी पदाखालच्या सैनिकाची पेन्शन वेतन ठरवताना पूर्णपणे दुर्लक्षित करतात. तो नव्या उमेदवारासारखा सुरुवातीच्या वेतनावर लागतो, काहीही वजा होत नाही आणि लष्करी पेन्शनवरची महागाई वाढही चालू राहते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत फक्त पहिले १५,००० रुपये दुर्लक्षित होतात. २०१७पूर्वी हा आकडा अवघा ४,००० होता. शिवाय १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या मुलकी सेवेत लागलेल्या माजी सैनिकाला लष्करी पेन्शनसोबत नव्या नोकरीची एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असते. त्यामुळे शेजारच्या सुभेदारसाहेबांचं बघून आपला हिशोब मांडू नका. नवऱ्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आणि स्वतः नोकरी करणाऱ्या बाईंनाही हे लागू नाही. केंद्रात त्यांची महागाई वाढ चालूच राहते.

आता जबाबदारी. पैशांच्या गडबडीत ही बाजू मागे पडते, पण माझ्या मते हीच जास्त जड आहे. पुनर्नियुक्तीवरचा माणूस पदावर असतो. त्याच्या सहीने आदेश निघतात, वर्तणुकीचे नियम लागू असतात. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास पेन्शन रोखण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार सरकारला देतो आणि त्यात निवृत्तीनंतरच्या पुनर्नियुक्तीतली सेवाही धरलेली आहे. तीस वर्षं निष्कलंक काढून साठीत एखाद्या बिलावर डोळे झाकून सही केली, तर पणाला लागते ती त्या तीस वर्षांची पेन्शन. करारावरच्या माणसाला सहसा आर्थिक अधिकार देत नाहीत. काम नाही पटलं तर करार संपवतात.

रुजू होण्याआधी आदेशात तीन जागा बघा: ‘पुनर्नियुक्ती’ लिहिलंय की ‘करार’, रकमेला ‘वेतन’ म्हटलंय की ‘मानधन’ आणि पेन्शनवरच्या महागाई वाढीबद्दल काय लिहिलंय. मग नोव्हेंबर. हयातीच्या दाखल्यासोबत पुन्हा नोकरी करता की नाही, याचंही प्रमाणपत्र भरायचं असतं. बँकेच्या काउंटरवर गर्दीत उभं राहून लोक त्या रकान्यात सवयीने ‘नाही’ लिहून सही ठोकतात. पुनर्नियुक्तीवर असताना असं लिहिलं की महागाई वाढ येत राहते, पुढे तपासणीत ते निघतं आणि सगळी रक्कम पेन्शनमधून वळती होते. करारावर असाल तर कोषागारात किंवा बँकेत दाखवायला आदेशाची प्रत जवळ ठेवा, नाहीतर तिथला कारकून तुम्हाला पुनर्नियुक्त समजून चालू असलेली महागाई वाढच थांबवायचा.