पांडवलेणी की चांभारलेणी? नाशिकला येणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये रिक्षात बसून नुसतं ‘लेण्यांवर सोडा’ म्हटलं, की रिक्षा मुंबई नाक्यावरून थेट पाथर्डी फाट्याकडे निघते. बहुतेक पाहुण्यांना तिथेच जायचं असतं, त्यामुळे चालकाचंही काही चुकत नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या ओळखीचं सोलापूरचं एक जोडपं असंच ‘जैन लेण्यांवर’ म्हणून बसलं आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उतरलं. दोघंही सत्तरीच्या पुढची. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर त्यांनी वरून उतरणाऱ्या मुलांना विचारलं, ‘पार्श्वनाथ भगवान कुठल्या गुंफेत आहेत?’ तेव्हा कळलं, की आपला डोंगर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदावरीच्या पलीकडे आहे. काकूंचे गुडघे त्या दिवशी दुसरा डोंगर चढण्यासारखे राहिले नव्हते. दर्शन न घेताच ती दोघं परत गेली. ते मला अजून टोचतं, म्हणून हे लिहितोय.

तर आधी जागा नीट समजून घ्या. पांडवलेणी शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगरावर. चांभारलेणी उत्तरेला, पंचवटीतून दिंडोरी रोडने म्हसरूळला गेलं की समोर उभ्या असलेल्या डोंगरावर. जुने नाशिककर ‘चांभारलेणी’ म्हणतात, जैन मंडळी ‘गजपंथ’ म्हणतात, डोंगर एकच. मधे अख्खं शहर आहे. चालत इथून तिथे जाता येईल, असा विचारही करू नका.

खरा घोळ नावांनी घातलाय. पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही. माणसाच्या हातून एवढं मोठं काम झालं असेल यावर विश्वास बसत नाही, तिथे आपल्याकडे पांडवांचं नाव लागतं. महाराष्ट्रात अशा जागा ढिगाने आहेत. ही लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. चांभारलेण्यांच्या नावामागे चामराज नावाचा राजा असल्याचं सांगतात, पण ती ऐकीव कथा. लेणी मात्र जैन, आणि साधारण अकराव्या शतकातली मानली जातात. म्हणजे दोन्ही लेण्यांत जवळजवळ हजार वर्षांचं अंतर आहे, हे नावांवरून कुणाला कळणार?

पांडवलेण्यांत एकूण २४ लेणी आहेत. सगळी बघायच्या नादात लोक दमतात आणि नेमकी बघायची ती राहून जातात. माझं ऐकाल तर ३, १०, १८ आणि १९ या चारांना वेळ द्या. १९ नंबरचं लहानसं, साधं लेणं सगळ्यांत जुनं; सातवाहन कुळातला कण्ह म्हणजे कृष्ण राजा असताना, नाशिकमधल्या श्रमणांची म्हणजे भिक्खूंची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने ते करवलं, असं तिथल्या शिलालेखात आहे. त्याच्या शेजारचं १८ नंबर हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. त्याच्या दर्शनी भागावरच्या एका लेखात नाशिककरांचं दान नोंदवलंय. आपल्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी अक्षरांत बघताना मला दर वेळी भरून येतं.

३ नंबरच्या लेण्यापाशी आधी खाली बघा. ओसरीच्या तळाशी सहा धष्टपुष्ट यक्ष जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात आणि खांद्यावर दगडी तुळया घेऊन सगळं लेणं उचलून धरतात. पालखीच्या भोयांसारखे. आत गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी या आजीने हे लेणं दान दिलं. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा म्हणजे शक क्षत्रपांच्या घराण्याचा वंश निखालस संपवला, असं तिने कोरून ठेवलंय.

आणि त्या क्षहरातांचंच लेणं याच रांगेत, १० नंबरला. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने ते करवलं. त्याचा लेख म्हणजे दानाचा हिशेबच आहे. पारदा, दमणा, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या होत्या. भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेव म्हणून दिले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामी राहणाऱ्या, २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. गुणून बघा, पै न् पै जुळते. गोवर्धन हे गाव नाशिकजवळच आहे, गंगापूर रोडला. पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्या आपल्या माणसांनी हा लेख एकदा तरी समजावून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहारही आहे. मुलं बरोबर असतील तर तिथे तास-दोन तास सहज जातात.

गजपंथला असं वाचण्यासारखं फारसं काही नाही, आणि तिथे ते शोधूही नये. तो डोंगर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्र आणि आठ कोटी यादव मुनी तिथून मोक्षाला गेले, अशी श्रद्धा. चारशेहून जास्त पायऱ्या आहेत आणि सकाळी त्यांवर सगळ्यांत जास्त दिसतात ती अनवाणी चढणारी म्हातारी माणसं. हातात तांदळाची छोटी पिशवी, ओठांवर णमोकार मंत्र. वरच्या गुंफांत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत आणि त्यांची रोज पूजा होते. त्रिरश्मीवरही बौद्ध बांधव वंदनेला येतात, पण ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. तिकीट काढून फिरता येतं, दगडाजवळ बसून अक्षरं न्याहाळता येतात. गजपंथला मात्र आपण कुणाच्या तरी देवघरात जातोय, हे धरून जावं. चामड्याचा पट्टा, पाकीट खालीच ठेवा. मूर्तीपुढे सेल्फी काढू नका. म्हसरूळच्या पायथ्याच्या मंदिरात आधी विचारून घेतलंत तर लोक अतिशय आपुलकीने सांगतात.

मूर्ती बघून डोंगर ओळखायचा असेल तर बुद्धाच्या अंगावर वस्त्र असतं, एक खांदा उघडा सोडलेलाही दिसतो, आणि हात वेगवेगळ्या मुद्रांत असतात. दिगंबर तीर्थंकराच्या अंगावर वस्त्र नसतं. तो मांडीत हात ठेवून बसतो किंवा हात सरळ सोडून उभा राहतो. छातीवर श्रीवत्स हे शुभचिन्ह शोधा आणि पीठावरचं चिन्ह बघा: बैल असला तर ऋषभदेव, सिंह असला तर महावीर. डोक्यावर नागफणा म्हणजे बहुधा पार्श्वनाथ.

एवढं पाठ करून गेलात तरी पांडवलेण्यांत ११ नंबर तुम्हाला गोंधळात टाकेल, कारण त्या लहानशा लेण्यात भिंतीवर ऋषभदेव बसलेत आणि सोबत अंबिका ही जैन देवताही आहे. भिक्खू निघून गेल्यावर कधीतरी जैन साधक इथेही राहिले असणार. सोलापूरच्या काकूंना त्या दिवशी कुणी एवढं जरी सांगितलं असतं, तरी हात जोडायला काहीतरी मिळालं असतं.

दोन्ही एका दिवसात होतात. सकाळी लवकर गजपंथ करा. तिथल्या पायऱ्या ऊन चढलं की भाजतात. दुपारनंतर पांडवलेणी, कारण ती डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत आणि ओसऱ्यांत सावली असते. पाणी दोन्हीकडे खालूनच घ्या. आणि रिक्षात बसताना ‘लेणी’ हा शब्दच वापरू नका. एकीकडे जाताना ‘पाथर्डी फाट्याच्या पुढे, फाळके स्मारक’ म्हणा, दुसरीकडे जाताना ‘म्हसरूळ, गजपंथ’.