एचजीटीव्ही
एचजीटीव्ही, म्हणजे होम अँड गार्डन टेलिव्हिजन, ही घरदुरुस्ती, सजावट, बागकाम आणि घरखरेदी या विषयांना वाहिलेली अमेरिकी केबल वाहिनी आहे. ३० डिसेंबर १९९४ रोजी टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरातून तिचे प्रक्षेपण सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत ती प्रामुख्याने काम शिकवत असे: फरशी कशी बसवायची, भिंत रंगवण्याआधी कशी घासायची, वाफा कसा तयार करायचा. आज तिच्यावर घर विकत घेणे, ते आतून उचकटून नवे करणे आणि त्याची किंमत वाढवणे हेच बहुतांशी दिसते. या स्थित्यंतरामागे प्रेक्षकांच्या आवडीइतकाच केबल व्यवसायाचा हिशेब आहे.

स्थापना

वाहिनीची कल्पना केनेथ लो यांची. ते वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी केंद्रे चालवणाऱ्या ई. डब्ल्यू. स्क्रिप्स कंपनीत रेडिओ विभागातून वर आले होते. घरदुरुस्तीचे कार्यक्रम तेव्हा नवे नव्हते. सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘धिस ओल्ड हाउस’ १९७९ पासून चालू होते. मात्र चोवीस तास केवळ घर हाच विषय घेऊन वाहिनी चालवणे हे धाडसच होते. स्क्रिप्सने नॉक्सव्हिलमधली सिनेटेल ही निर्मितीसंस्था विकत घेतली. त्यामुळे स्टुडिओ, संकलनाच्या खोल्या आणि काम जाणणारी माणसे आयती मिळाली. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या मानाने खर्चही बराच कमी राहिला.

खरी अडचण केबलवर जागा मिळवण्याची होती. तेव्हाच्या केबल यंत्रणांवर वाहिन्यांच्या जागा मोजक्या असत आणि नव्या वाहिनीला त्या सहसा मिळत नसत. ही कोंडी १९९२ च्या केबल कायद्याने फुटली. या कायद्याने स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांना दर तीन वर्षांनी दोनपैकी एक पर्याय निवडण्याचा हक्क दिला: केबल कंपनीने आपले केंद्र विनामोबदला पण सक्तीने दाखवावे, किंवा आपल्या परवानगीनेच दाखवावे आणि त्यासाठी मोबदला द्यावा. मोठ्या केबल कंपन्यांनी रोख पैसे देण्यास साफ नकार दिला. तेव्हा केंद्रांच्या मालकांनी पैशांऐवजी नव्या वाहिनीसाठी जागा मागितली. याच सौद्यातून ईएसपीएन २ आणि एफएक्स या वाहिन्यांना जागा मिळाली. स्क्रिप्सने आपल्या केंद्रांच्या बदल्यात एचजीटीव्हीसाठी जागा घेतली. रोख रकमेसाठी अडून बसलेल्या सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीच्या हाती त्या फेरीत पैसेही आले नाहीत आणि वाहिनीही नाही.

केबल वाहिनीचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते: प्रत्येक जोडणीमागे केबल कंपनीकडून मिळणारे मासिक शुल्क, आणि जाहिराती. नव्या वाहिनीचे शुल्क नगण्य असते, म्हणून सारी भिस्त जाहिरातींवर राहते. इथे एचजीटीव्हीला जन्मतःच एक फायदा होता. रंग, हत्यारे, गवत कापायची यंत्रे, स्वयंपाकघरातली कपाटे विकणाऱ्यांना नेमका हाच प्रेक्षक हवा होता, आणि इथे कार्यक्रम व जाहिरात यांचा विषय एकच होता.

शिकवण्याचा काळ

पहिल्या पाच-सहा वर्षांचे कार्यक्रम साधे होते. ‘रूम बाय रूम’मध्ये सूत्रसंचालक एकेक खोली घेऊन तिची मांडणी आणि रंगसंगती बदलून दाखवत. ‘गार्डनिंग बाय द यार्ड’मध्ये माती, खत, कीड यांची चर्चा असे. एका भागात एक-दोन कामे, साहित्याची यादी आणि टप्पे; बघणारा वही घेऊन बसला तर आठवड्याच्या सुटीत ते काम करू शकेल, इतका तपशील असे. या कार्यक्रमांचे मोल आजही कमी होत नाही.

त्यांची मर्यादा व्यवसायाची होती. ग्राउट, म्हणजे फरशांच्या फटींतला लेप, भरण्याचा पाठ ज्याच्या घरी ग्राउट भरायचे आहे तोच मन लावून पाहतो. तो मधूनच लावला तर समजत नाही, आणि एकदा शिकल्यावर पुन्हा कोणी पाहत नाही. केबल वाहिनीला मात्र पुनःप्रक्षेपणावरच जगायचे असते. स्क्रिप्सने १९९९ मध्ये डीआयवाय (‘डू इट युवरसेल्फ’, म्हणजे स्वतः करा) नेटवर्क ही वेगळी वाहिनी काढली आणि हातकामाचे कार्यक्रम हळूहळू तिकडे गेले. त्याच वर्षी मूळ वाहिनीवर ‘हाउस हंटर्स’ आले आणि पुढची दिशा ठरली.

‘हाउस हंटर्स’चा साचा

अर्ध्या तासाच्या जागेतून जाहिराती वजा केल्या की सुमारे २२ मिनिटे उरतात. तेवढ्यात एक ग्राहक तीन घरे पाहतो, प्रत्येकाचे गुणदोष बोलतो, एक बाद करतो आणि शेवटी उरलेल्या दोहोंतून एक निवडतो. जाहिरातीआधी प्रश्न टांगता ठेवला जातो, त्यामुळे बघणारा उठत नाही. कोणत्याही मिनिटाला चॅनेल लावले तरी काय चालले आहे ते लगेच कळते. बांधकाम नसल्याने चित्रीकरण काही दिवसांत उरकते. गवंडी, सुतार, परवाना, पाऊस यांची वाट पाहावी लागत नाही. भाग एकामागोमाग एक लावता येतात आणि जुना भागही शिळा वाटत नाही.

यातली गोची अशी की खरी घरखरेदी या क्रमाने होत नाही. कर्जमंजुरी, तपासणी, वाटाघाटी यांत आठवडे जातात आणि कॅमेरा तोवर थांबू शकत नाही. म्हणून व्यवहार बराच पुढे गेलेलेच ग्राहक निवडले जातात. काहींनी तर घर आधीच घेतलेले असते आणि उरलेली दोन दाखवण्यापुरती शोधली जातात. २०१२ मध्ये ही गोष्ट उघड झाली, आणि वेळेच्या मर्यादेमुळे व्यवहारात पुढे गेलेली कुटुंबे घेतो हे वाहिनीने मान्य केले. प्रेक्षकसंख्येवर त्याचा परिणाम दिसला नाही.

घरबाजार, मंदी आणि कॅनडा

२००० नंतर घरांचे भाव चढू लागले तसा पडद्यावरचा विषयही सजावटीकडून किमतीकडे सरकला. ‘डिझाइन्ड टू सेल’मध्ये विक्रीआधी घर कसे नटवायचे ते दाखवले जाई, तर ‘माय हाउस इज वर्थ व्हॉट?’ हे शीर्षक सगळे सांगून जाते. २००८ च्या पडझडीनंतर वाहिनीने सूर बदलला: २००९ मध्ये ‘रिअल इस्टेट इंटरव्हेन्शन’ आले, ज्यात मालकांना त्यांच्या घराची उतरलेली किंमत समोर मांडून दाखवली जाई, आणि तळघर भाड्याने देऊन हप्ता फेडण्याची वाट दाखवणारे ‘इन्कम प्रॉपर्टी’ही.

याच सुमारास कॅनडातली निर्मिती महत्त्वाची ठरली. तिथल्या करसवलतींमुळे तासाभराचा नूतनीकरणाचा कार्यक्रम कमी खर्चात तयार होई. ‘लव्ह इट ऑर लिस्ट इट’ आणि ‘प्रॉपर्टी ब्रदर्स’ या दोन्ही मालिका आधी कॅनडाच्या डब्ल्यू नेटवर्कवर आल्या. दुसरीतले ड्रू आणि जोनाथन स्कॉट हे जुळे भाऊ. एक घर शोधून देतो, दुसरा ते नव्याने बांधतो. एका कार्यक्रमात खरेदी आणि बांधकाम दोन्ही बसवण्याची ही युक्ती पुढे सर्रास वापरली गेली.

‘फिक्सर अप्पर’ आणि त्याची भिंत

चिप आणि जोआना गेन्स यांच्या ‘फिक्सर अप्पर’ची पहिली झलक २०१३ मध्ये दाखवली गेली, मालिका २०१८ पर्यंत चालली आणि टेक्सासमधल्या वेको शहराकडे पर्यटकांची रीघ लागली. तिने शिपलॅपला घरोघरी नेले. शिपलॅप म्हणजे कडेला खाच पाडलेल्या फळ्या. एकीची खाच दुसरीवर चढते. टेक्सासच्या जुन्या लाकडी घरांत त्या शोभेसाठी नव्हत्याच. त्यांवर विरविरीत सुती कापड ताणून बारीक खिळे मारत आणि कापडावर वॉलपेपर चिकटवत. म्हणजे ज्या फळ्या कायम झाकलेल्या राहायच्या, त्याच मालिकेने उघड्या करून पांढऱ्या रंगवल्या. मागाहून बसवलेल्या नकली शिपलॅपमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे फळ्या खोलीच्या हवेत काही दिवस न ठेवता थेट ठोकणे. लाकूड नंतर आकसते आणि फटींतून न रंगवलेली कड दिसू लागते.

स्वयंपाकघर आणि बैठक यांमधली भिंत पाडणे हा या काळातल्या जवळजवळ प्रत्येक मालिकेचा ठरलेला प्रसंग. पडद्यावर त्याला दोन मिनिटे लागतात. प्रत्यक्षात आधी माळ्यावरून किंवा तळघरातून वाशांची दिशा पाहावी लागते. वासे भिंतीला काटकोनात येऊन तिच्यावर टेकत असतील तर भिंत बहुधा भारवाही असते. मग दोन्ही बाजूंना तात्पुरते टेके लावून वरचा भार झेलायचा, भिंत काढायची, अभियंत्याने काढलेल्या मापाची तुळई बसवायची आणि तिच्या दोन्ही टोकांखालचा भार थेट पायापर्यंत पोहोचवायचा. हा शेवटचा टप्पाच बहुतेकदा राहून जातो. आधी लांबभर पसरलेला भार आता दोन बिंदूंवर येतो. खाली आधार नसेल तर जमीन खचते, वरच्या मजल्यावरची दारे अडकतात, ड्रायवॉलला, म्हणजे भिंतींवरच्या जिप्समच्या पाट्यांना, तिरप्या भेगा पडतात. शिवाय भिंतीत विजेच्या तारा, सांडपाण्याचा उभा पाइप, गरम हवेची नळी असे काही ना काही सापडतेच.

घणाने भिंत फोडण्याच्या दृश्यात आणखी एक गोष्ट झाकलेली असते. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. २०१० पासून लागू असलेल्या नियमानुसार अशा घरात आतल्या बाजूला खोलीमागे ६ चौरस फुटांहून अधिक रंगीत पृष्ठभाग उचकटायचा असेल तर प्रमाणित कंत्राटदार लागतो. खोली प्लास्टिकने बंद करायची, धूळ हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, गाळणीच्या यंत्राने ओढायची. गेन्स यांच्या कंपनीने हा नियम पाळल्याचे पडद्यावर दिसत नव्हते, त्यामुळे पर्यावरण संरक्षण संस्थेने दखल घेतली. २०१८ च्या तडजोडीत कंपनीने ४०,००० डॉलर दंड भरला आणि वेकोतल्या घरांतला शिशाचा रंग काढण्यासाठी १,६०,००० डॉलर देण्याचे मान्य केले.

नफ्याचे आकडे

‘फ्लिप ऑर फ्लॉप’सारख्या मालिकांत शेवटी नफ्याचा आकडा झळकतो. घरे घेऊन विकणारे धंदेवाले ढोबळपणे ७० टक्क्यांचा नियम वापरतात: दुरुस्तीनंतर घर ३ लाख डॉलरला जाणार असेल तर त्याचे ७० टक्के म्हणजे २ लाख १० हजार, त्यातून दुरुस्तीचे ५० हजार वजा केले की खरेदीसाठी १ लाख ६० हजारांची मर्यादा उरते. सोडलेल्या ३० टक्क्यांत दलाली, कर्जाचे व्याज, मालमत्ता कर, विमा आणि नफा सगळे बसवायचे असते. घर तीन महिने विकले गेले नाही तर व्याजच नफा खाते, आणि हीच गोष्ट अशा कार्यक्रमांत सर्वांत कमी बोलली जाते.

१९९७ पासून चालणाऱ्या ‘ड्रीम होम’ सोडतीचेही तसेच. जिंकलेले घर हे करपात्र उत्पन्न ठरते. २० लाख डॉलरच्या बक्षिसावर केंद्रीय कर सुमारे ७ लाख डॉलर होतो, पुढे दरवर्षी मालमत्ता कर आणि देखभाल. म्हणूनच पुष्कळ विजेते घर विकून टाकतात किंवा त्याऐवजी मिळणारी रोख रक्कम घेतात.

मालकी आणि अलीकडची वर्षे

२००८ मध्ये स्क्रिप्सने आपल्या केबल वाहिन्या स्क्रिप्स नेटवर्क्स इंटरॅक्टिव्ह या वेगळ्या कंपनीत काढल्या. २०१६ मध्ये एचजीटीव्हीने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकले. मार्च २०१८ मध्ये डिस्कव्हरीने ही कंपनी घेतली. कर्ज धरून व्यवहार १४.६ अब्ज डॉलरचा होता. त्याच वर्षी वाहिनीने ‘द ब्रेडी बंच’ मालिकेत बाहेरून दिसणारे लॉस एंजेलिसमधले घर ३५ लाख डॉलरला विकत घेतले आणि ते आतून मालिकेच्या सेटसारखे बांधले. २०२३ मध्ये ते ३२ लाखांना विकले गेले.

जानेवारी २०२२ मध्ये डीआयवाय नेटवर्कच्या जागी गेन्स दांपत्याची मॅग्नोलिया नेटवर्क आली आणि हातकाम शिकवणारी स्वतंत्र वाहिनी संपली. एप्रिल २०२२ मध्ये डिस्कव्हरी आणि वॉर्नरमीडिया एकत्र आल्यावर एचजीटीव्ही वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे गेली. केबल सोडणारी कुटुंबे वाढली तसे शुल्क आणि जाहिरात ही दोन्ही उत्पन्ने आटू लागली. नूतनीकरणाच्या मालिकेत कारागीर, साहित्य आणि अनेक आठवड्यांचे चित्रीकरण लागते, त्यामुळे कात्री आधी तिथेच लागली: २०२५ मध्ये ‘बार्गेन ब्लॉक’ आणि ‘मॅरिड टू रिअल इस्टेट’सह अनेक मालिका बंद झाल्या. स्वस्तात बनणारे ‘हाउस हंटर्स’ मात्र चालूच राहिले.