७५ तासांची सेवा आणि उधारीचा इतिहास
लेकीच्या शाळेतून तो फॉर्म आला तेव्हा मी दोनदा वाचला. हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर समाजसेवेचे ७५ तास भरायचे आणि प्रत्येक ठिकाणच्या जबाबदार माणसाची सही आणायची. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. हा नियम राज्याने १९९२ साली केला. सेवा ती, आणि सक्तीची? मला ते अजिबात पटलं नव्हतं.

अमेरिकेतल्या स्वतःहून सेवा करायच्या या सवयीचं एक मूळ पार १७३६ च्या फिलाडेल्फियात आहे. आग लागली तर धावून यायला पगारी सरकारी दल नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिनने शेजारीपाजारी गोळा करून युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येकाने घरात चामड्याच्या बादल्या भरायला तयार ठेवायच्या, सामान बाहेर काढायला पिशव्या आणि टोपल्या ठेवायच्या, महिन्यातून एकदा जमायचं आणि यात कसूर झाली तर दंड भरायचा. म्हणजे स्वतःहून पुढे आलेल्यांनीच स्वतःला नियम घालून घेतला होता. हे वाचलं आणि ७५ तासांवरचा माझा राग गेला. आजही अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक बिनपगारी आहेत.

शाळांचंही असंच झालं. त्यांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, त्यामुळे शाळेत काही कमी पडलं की आईबाप पदर खोचून उभे राहतात. १८९७ साली अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये मातांची परिषद भरवली, तिला दोन हजारांवर माणसं आली. आजची पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघटना, तिच्यातूनच वाढली. १९१७ मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावात गर्ल स्काउटच्या मुलींनी घरी भाजलेल्या कुकीज शाळेच्या कॅफेटेरियात विकून आपल्या कामासाठी पैसे उभे केले. दर हिवाळ्यात माझी लेकही दुकानाच्या दारात, टोपी कानांवर ओढून, डबे रचून बसते. येणारे थांबतात, चार-चार डबे घेतात आणि क्रेडिट कार्ड काढतात.

त्या कार्डाचा इतिहास बादल्यांइतका जुना नाही. हप्त्याने वस्तू घेण्याची रीत एकोणिसाव्या शतकात शिलाई मशीनमुळे रुळली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सने गाड्यांसाठी स्वतःची कर्जसंस्था काढली, तेव्हा ही रीत घरोघरी पोचली. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं, कोणी न मागता, थेट टपालाने पाठवून दिली. दुसरीकडे, बाईला तिच्या एकटीच्या नावावर कार्ड द्यायला बँका खळखळ करत. तो भेदभाव कायद्याने बंद झाला १९७४ साली! एवढी माझ्या मनाला दुसरी कुठलीच तारीख लागली नाही.

मी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ऐकत वाढलेली. इथे आल्यावर पहिल्याच बँकेने मला कार्ड नाकारलं, कारण माझ्या नावावर उधारीचा इतिहासच नव्हता. आयुष्यात कुणाचं देणं लागत नाही, हेच आड आलं. मग दुसरीकडे ५०० डॉलर अनामत ठेवून कार्ड घेतलं. पहिला महिनाभर त्यावर फक्त दूध आणि भाजी आणली, आणि बिल हातात पडलं त्याच दिवशी भरून टाकलं.