पेट्रोलची गाडी काढून ईव्ही घ्यायची का? आधी महिन्याचं रनिंग मोजा

गाडी सात-आठ वर्षांची झालीये, पेट्रोल शंभरच्या वर जाऊन बसलंय, मग आता ईव्ही घ्यावी की अजून थांबावं, हा प्रश्न हल्ली मला सारखा कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं, पण मी उलट दोन गोष्टी विचारते, महिन्याला गाडी किती किलोमीटर चालते आणि रात्री ती कुठे लावता. एवढं कळलं की निर्णय बराचसा झालेला असतो, सनरूफ आणि स्क्रीनचा विचार नंतर. आणि हे फक्त पैशाचं नाहीये, कार्बनचा हिशोबही त्याच दोन गोष्टींवर येऊन थांबतो, म्हणून जरा खोलात जाऊन सांगते.

सुरुवात पेट्रोलपासून करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, आपल्या लाइट बिलाच्या भाषेत जवळपास ९ युनिट. आता ३० युनिटची बॅटरी असलेली एखादी छोटी ईव्ही घ्या, म्हणजे तिच्यात जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा आहे, आणि तेवढ्यात ती आरामात २०० किलोमीटर जाते. साडेतीन लिटरमध्ये पेट्रोल गाडी पन्नास किलोमीटर गेली तरी आपण चांगलं अ‍ॅव्हरेज म्हणू. हा फरक येतो कुठून? तर पेट्रोल इंजिन जे जाळतं त्यातलं २० ते ३० टक्केच चाकापर्यंत पोचतं, बाकी सगळं रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन बाहेर जातं. यात इंजिन बनवणाऱ्यांचा दोष नाहीये, उष्णतेपासून काम काढायचं म्हटलं की काही उष्णता सोडून द्यावीच लागते, हा थर्मोडायनॅमिक्सचा नियमच आहे. इलेक्ट्रिक मोटर उष्णतेच्या वाटेनं जातच नाही, त्यामुळे बॅटरीतून निघालेल्या विजेतला ८५-९० टक्के भाग सहज चाकाला मिळतो.

त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे २१ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रणाच्या एका लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. अ‍ॅव्हरेज थोडं पडलंय असं लोक म्हणतात त्यामागे निदान एवढं कारण तरी खरं आहे.

आता शहर आणि हायवे. पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज हायवेला चांगलं येतं आणि ट्रॅफिकमध्ये पडतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ईव्हीचं नेमकं उलट असतं हे बऱ्याच जणांना गाडी घेतल्यावर कळतं. हिंजवडीच्या रस्त्याला संध्याकाळी अडकलात तर पेट्रोल इंजिन एसी चालू ठेवून उभ्या उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर खातं, म्हणजे सात ते नऊ युनिट ऊर्जा, आणि गाडी जागेवरच. ईव्हीची मोटर उभी असताना काहीच खात नाही, फक्त एसीला तासाला युनिट-दीड युनिट जातं. हायवेला मात्र हवेचा विरोध सुरू होतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून ११० ला गेलात की हवेचा विरोध जवळपास १.९ पट. पेट्रोल गाडीत हे तितकं जाणवत नाही कारण तिचं इंजिन त्या लोडला जरा बऱ्या कार्यक्षमतेनं चालायला लागतं आणि थोडी भरपाई होते. ईव्हीत भरपाई व्हायला काही शिल्लकच नसतं, त्यामुळे रेंज समोर स्क्रीनवर उतरताना दिसते.

ब्रोशरमधल्या रेंजचं पण तसंच. आपल्याकडची टेस्ट ज्या ड्रायव्हिंग सायकलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमावर होते, तिचा सरासरी वेग ताशी ३० च्या थोडा वर आणि जास्तीत जास्त ९०, आणि एक्सप्रेसवेला अशी गाडी कोणी चालवत नाही. आपल्या पुण्यातल्या एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेला आकडा खोटा नसतो, तो त्या सायकलपुरता खरा असतो. मी त्याचे साठ-सत्तर टक्के धरते, आणि हायवेचं रनिंग जास्त असेल तर साठच.

घाटाबद्दल फार भीती असते लोकांना, म्हणून तो हिशोब पूर्ण मांडते. खोपोलीवरून लोणावळ्याला चढायचं म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर उंची. गाडी आणि आत बसलेले चारजण मिळून १७०० किलो धरा. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची केलं की ९२ लाख ज्यूल येतात, म्हणजे अडीच युनिट. मोटरचा तोटा धरून तीन म्हणा, तर ३० युनिटच्या बॅटरीतले दहा टक्के नुसत्या चढाला जातात, सपाट अंतराला लागतील ते वेगळे. पेट्रोल गाडीला याच चढाला एक लिटरच्या आसपास जास्तीचं पेट्रोल लागतं, फक्त काटा हळू हलतो म्हणून ते कोणी मोजत नाही. खरी मजा उतारावर आहे. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडलात की तीच मोटर जनरेटर होते आणि खर्च केलेल्यातलं दीड युनिटभर परत बॅटरीत येतं, पेट्रोल गाडीत ते सगळं ब्रेक तापवण्यात जातं आणि खाली आल्यावर तो जळका वास येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, लोणावळ्यात बॅटरी फुल करून घाट उतरायला लागलात तर हे रिजनरेशन नीट काम करत नाही कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वरून निघताना ८०-८५ टक्के पुरे.

आता दुसरा प्रश्न, रात्री गाडी कुठे लावता. माझ्या मते हा रेंजपेक्षा मोठा प्रश्न आहे. स्वतःच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेरच करायचं असेल तर ईव्हीचा अर्धा फायदा तिथेच जातो, पैशाचाही आणि डोक्याच्या शांततेचाही.

प्लग म्हणजे तरी काय, तर गाडीसोबत जो पोर्टेबल चार्जर येतो तो पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तीन-सव्वातीन किलोवॅट ओढतो. गीझर पण जवळपास तेवढंच ओढतो की, मग काय एवढं, असं लोक म्हणतात. पण गीझर पंधरा मिनिटात बंद होतो आणि ही गाडी आठ-दहा तास ओढत राहते, सगळी अडचण त्या वेळेत आहे. सॉकेटमधला एक स्क्रू जरा सैल असेल आणि तिथे समजा फक्त एक दशांश ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला असेल, तर चौदा अँपिअर करंटला त्या एका टोकावर २० वॉट उष्णता होते, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत रात्रभर सोल्डरिंग गन लावून ठेवल्यासारखं. आमच्या सोसायटीत एकाच्या सॉकेटचं प्लास्टिक असंच आधी पिवळं पडलं आणि मग वाकलं, गाडीला काही झालं नाही पण होऊ शकलं असतं. म्हणून वायरमनला स्पष्ट सांगा की मीटरपासून वेगळी लाइन हवी, चार स्क्वेअर एमएमची वायर हवी, चांगल्या कंपनीचा इंडस्ट्रियल सॉकेट हवा, आणि अर्थिंग तपासून हवं. अर्थिंग खराब असेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत आणि मग लोक गाडीला दोष देतात. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, एक रात्रसुद्धा नको.

लाइट बिलाचं सांगायलाच हवं कारण इथे हिशोब फसतात. महावितरणचे घरगुती दर स्लॅबवर आहेत. तुमचं बिल आधीच २५०-३०० युनिटचं असेल आणि गाडीचे दीडशे युनिट त्यात आले तर ते बरेचसे ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात आणि वहन आकार, वीज शुल्क धरून युनिट १५ रुपयांच्या आसपास किंवा पुढेच जातं. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याला हे स्लॅब नसतात, रनिंग जास्त असेल तर ते घेतलेलंच बरं. छतावर सोलर असेल तर प्रश्नच मिटला, तीन किलोवॅटच्या सोलरमधून आपल्याकडे वर्षभराच्या सरासरीनं रोज बारा युनिटच्या आसपास मिळतात, म्हणजे सत्तर किलोमीटरचं रनिंग, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

आता पैसे. पेट्रोल १०४ धरा आणि शहरातलं अ‍ॅव्हरेज १४, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये ४० पैसे. ईव्ही मीटरमधल्या एका युनिटला साधारण ६ किलोमीटर देते, चार्जरमध्ये वाया जाणारं धरून, तर १२ रुपये युनिटनं २ रुपये. फरक ५ रुपये ४० पैसे. त्याच वर्गातल्या पेट्रोल गाडीपेक्षा ईव्ही ऑन रोड दोन ते चार लाखांनी महाग पडते, तीन धरू. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यावर शोरूमच्या किमतीतलं अंतर वाढलं, पण ईव्हीला जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला जो ११ टक्क्यांपासून पुढे रोड टॅक्स लागतो तो ईव्हीला माफ, त्यामुळे ऑन रोडला ते अंतर थोडं भरून निघतं. तीन लाख भागिले ५.४, म्हणजे पंचावन्न हजार किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे साडेचार वर्षांत वसूल होतात, महिन्याला चारशे चालवणाऱ्याला साडेअकरा वर्षं लागतात. आणि सगळं चार्जिंग बाहेर, २२ रुपये युनिटनं करत असाल तर तोच आकडा ऐंशी हजारांच्या वर जातो.

कार्बनचंही बघा. आपल्या ग्रिडमध्ये अजून कोळसाच जास्त आहे, चंद्रपूरचं एकटं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. देशाची सरासरी युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या थोडी वर, तारांमधली गळती धरली की सव्वाआठशे ग्रॅम, म्हणजे ईव्हीचे किलोमीटरला १३५-१४० ग्रॅम. पेट्रोलचा एक लिटर जळला की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, रिफायनरीचं धरून २.७, म्हणजे किलोमीटरला १९० ग्रॅम. फरक पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा आहे, लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. त्यात बॅटरी बनवताना युनिटमागे ८० ते १०० किलो कार्बन जातो, ३० युनिटच्या बॅटरीला तीन टनापर्यंत. तीन टन फेडायला परत पंचावन्न-साठ हजार किलोमीटर! इथेनॉलमधला कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला असतो, तेवढी सूट पेट्रोलला दिली तर अजून थोडे जास्त. पैशाचा आणि कार्बनचा आकडा एकाच ठिकाणी येणं हा योगायोग आहे, पण दोन्हीची रचना सारखीच आहे, सुरुवातीला मोठा खर्च आणि मग प्रत्येक किलोमीटरला थोडी थोडी फेड. म्हणून ज्यांची गाडी फक्त रविवारी देवळात आणि वर्षातून दोनदा गावाला जाते त्यांनी पर्यावरणासाठी म्हणून चालू गाडी काढायची काही गरज नाही असं माझं ठाम मत आहे. तीच गाडी नीट सर्व्हिसिंग करून चालवा. आणि रोज चिंचवडहून हडपसरला जाणाऱ्यानं थांबण्यात काही अर्थ नाही, कारण ग्रिडमध्ये सोलर आणि वारा जसजसा वाढतोय तसतशी रस्त्यावर असलेली ईव्हीसुद्धा दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाते, पेट्रोल गाडीच्या बाबतीत तसं काही होत नाही.

पण बॅटरी तेवढी टिकेल का? आपल्याकडे टाटा, महिंद्रा वगैरेंच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते. हे रसायन टेक्सस विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं शोधलं, १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे, आणि गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं ते लिथियम आयन बॅटरीवरच्या कामासाठी. यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे तापली तरी ती सहज पेट घेत नाही. दोन हजार सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज होऊन रिकामं होण्याच्या फेऱ्या धरल्या तरी चार लाख किलोमीटर होतात, त्यामुळे वापरून संपण्यापेक्षा ती वयानं आणि उन्हानं थकते. अकोला, जळगाव, नागपूरकडच्या लोकांनी गाडी सावलीत लावायची सोय आधी बघावी. अजून एक, एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, सेलमागे ३.२ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरला ४० टक्के आणि ६० टक्के यातला फरक व्होल्टेजवरून कळत नाही आणि हिशोब हळूहळू चुकत जातो. म्हणून अधूनमधून, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं, १०० टक्के चार्ज करायचं. नाहीतर १२ टक्के दाखवता दाखवता गाडी एकदम ३ वर येते आणि माणूस घाबरतो.

फास्ट चार्जिंग ८० टक्क्यांनंतर मंदावतं कारण तोवर बॅटरीच्या आतल्या ग्रॅफाइटमधल्या लिथियमच्या जागा भरत आलेल्या असतात आणि जबरदस्ती केली तर लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातू होऊन बसतं, जे बॅटरीला वाईट. तेव्हा हायवेला ८० झाले की निघा, मागच्याचा नंबर पण लागतो. २०२५ च्या राज्याच्या ईव्ही धोरणात एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूला टोलमाफी आहे, तरी फास्टॅगचे पैसे कापले गेले नाहीत ना ते बघत जा.

जुनी ईव्ही घेणार असाल तर वरचं सगळं गणित बदलतं, कारण पहिल्या मालकानं तीन लाखांचा फरक आणि तीन टनांचा कार्बन दोन्ही बराचसा फेडलेला असतो आणि कमी रनिंगवाल्यालाही ती परवडते. कंपनीची बॅटरी वॉरंटी बहुतेक आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का आणि पूर्ण होते का ते लेखी विचारा. आणि सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या एसओएचचा, म्हणजे नवी असतानाच्या तुलनेत किती क्षमता उरलीये त्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.